इराकवरून नवरा-बायकोचं वाजलं

“तात्या, मोती हे नाव आता फार जुनं झालं. अर्जेंटिनाच्या अध्यक्षांनी आपल्या कुत्र्यांना अर्थशास्त्रज्ञांची नावं ठेवलीत. मरी, मिल्टन, रॉबर्ट आणि लुकास.”

भिंतीपलीकडं तात्या मोतीच्या कानामागची गोचीड काढत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, “चार अर्थशास्त्रज्ञ एका घरात? मग राखण कोण करतं?”

“चार नव्हे, तीनच. रॉबर्ट लुकास हा एकच माणूस. त्याची दोन कुत्री झाली.”

आमच्या साताऱ्याच्या गोडोलीतली ही मधली भिंत छातीइतकी उंच. चहाचा कप ठेवायला सोयीची आणि जगाची उणीदुणी काढायला त्याहून सोयीची. तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून. त्यामुळं इतरांच्या भिंतीवरून सुनांचं निघतं, आमच्या भिंतीवरून देशांचं. तात्यांच्या मंडळी, म्हणजे आक्का, पायरीवर मेथी निवडत असतात आणि मधेच असा एखादा प्रश्न टाकतात की आमची दोघांची बोलती बंद.

“हा तो करवतवालाच ना?” तात्यांनी विचारलं.

“तोच. हाविएर मिलेई. डिसेंबर 2023 मध्ये अध्यक्ष झाला. सरकारी खर्च छाटणार म्हणून प्रचारात यांत्रिक करवत घेऊन फिरायचा. स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो, त्यातही पार टोकाचा. पण मला हसू कशाचं येतं सांगू? ज्यांची नावं त्यानं एका दारात बांधली ते मरी रॉथबार्ड आणि मिल्टन फ्रिडमन. रॉथबार्डनं 1971 मध्ये फ्रिडमनची सालं काढणारा अख्खा लेख लिहिला होता. आणि मिलेईच्या शपथविधीला युक्रेनचे झेलेन्स्की हजर, दोन महिन्यांत हा इस्रायलला जाऊन वकिलात जेरुसलेमला हलवतो म्हणून सांगून आला. रॉथबार्ड 1995 साली वारला म्हणून बरं. नाहीतर आपलं नाव त्या कुत्र्याकडून परत मागितलं असतं.”

“थांबा थांबा. लिबर्टेरियन म्हणजे कोण, ते आधी सांगा.”

“सरकारनं पोलीस, न्यायालय आणि सीमेवरचं सैन्य एवढंच बघावं, बाकी सगळं माणसांवर सोडावं, असं म्हणणारे. त्यातले काही म्हणतात, तेवढंही नको. पोलीसही खासगी.”

“खासगी पोलीस? म्हणजे सिक्युरिटी एजन्सी. आमच्या पलटणीतले निम्मे पेन्शनर तिथंच उभे आहेत, बारा बारा तास. त्यांना विचारा म्हणावं स्वातंत्र्य कसं वाटतं.”

हा टोला मी मुकाट्यानं घेतला, कारण मला पुढचं सांगायचं होतं. या मंडळींना करांबद्दल विचारा, सगळे एका सुरात बोलतील. परवाने, सरकारी शाळा, नोटा छापणं, एक सूर. लढाईचा विषय काढला की मात्र भाऊबंदकी सुरू. आजोबा एक, वाडा एक, पण विहिरीवर कुणाचा हक्क यावरून तीन पिढ्या बोलणं बंद, तसलं. आणि ही भाऊबंदकी नुसती संस्था-संस्थांत नाही, तात्या. एका घरात, एका सोफ्यावर झाली.

आक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली. “कुणाच्या घरात?”

“मिल्टन फ्रिडमनच्याच. त्याची बायको रोझ. तीही अर्थशास्त्र शिकलेली. शिकागोच्या वर्गात मास्तरांनी आडनावांच्या क्रमानं बसवलं. ती डायरेक्टर, हा फ्रिडमन, म्हणून शेजारी बाकं आली. 1938 मध्ये लग्न. पुढं दोघांनी मिळून पुस्तकं लिहिली, टीव्हीवर मालिका केली. त्याला 1976 चं नोबेल मिळालं. आपल्याकडंही येऊन गेलाय, 1955 मध्ये, दिल्लीला सल्ला द्यायला. आता 2006 साल. दोघं सॅन फ्रान्सिस्कोत राहतात, वयं नव्वदीच्या पुढं. एक पत्रकार मुलाखतीला आला. विषय इराकचा निघाला. मिल्टन म्हणाला, मी पहिल्यापासून या लढाईच्या विरोधात होतो, अमेरिकेनं आक्रमण करू नये. आणि शेजारी बसलेल्या रोझबाई उसळल्या. म्हणाल्या, हे आक्रमण नव्हतंच मुळी!”

“पावन्याफुडं?”

“पाहुण्यापुढंच. वर पत्रकाराला सांगितलं की आमचं बारीकसारीक गोष्टींवरून होतं, बाहेर जेवायला जायचं की नाही यावरून होतं, पण एवढ्या मोठ्या गोष्टीवरून मतभेद व्हायची ही पहिलीच वेळ.”

“अडुसष्ट वर्षांत पहिलीच?” तात्यांनी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी बघितलंच नाही.

“तुमचं मत काय?” मी तात्यांना विचारलं. “कोण बरोबर?”

“ते सोडा. हा मिल्टन पुढं काय म्हणाला? जायला नको होतं, मग आता परत या, असं?”

तात्यांचा प्रश्न सैनिकाचा होता, आणि बरोबर तिथंच होता. कारण मिल्टन तसं म्हणाला नाही. जायला नको होतं, पण गेलोच आहोत तर यशस्वी होणं फार महत्त्वाचं, असं म्हणाला.

“मग चुकलं कुठं? अर्ध्यात मोर्चा सोडून कोण येतं?”

“तात्या, इथंच तर ग्यानबाची मेख आहे. सरकारनं तोट्यातला कारखाना काढला तर हाच मिल्टन सांगेल, आजच्या आज बंद करा, घातलेले पैसे बुडाले ते बुडाले. लढाईला मात्र वेगळा हिशेब. गेलो ना, मग आता जिंकून दाखवा. प्रत्येक लढाई याच वाक्यावर लांबते.”

“बाई, कारखान्यात माणसं मेलेली नसतात. ज्या टेकडीवर आपली पोरं पडली ती टेकडी मोकळी सोडता येत नाही.”

यावर मी चहा प्यायले. उत्तर नव्हतं असं नाही, पण ते या माणसासमोर द्यायचं नव्हतं.

तात्यांचं मन राखायला मी मिल्टनची दुसरी गोष्ट काढली. व्हिएतनामच्या काळात अमेरिकेत सक्तीची भरती होती. चिठ्ठी आली की पोरगा गेला. 1969 मध्ये निक्सननं एक आयोग नेमला, सक्ती काढून स्वखुशीचं सैन्य करता येईल का ते बघायला. मिल्टन त्यात. जनरल वेस्टमोरलँड, ज्यांनी व्हिएतनाममध्ये फौजा चालवल्या, ते साक्षीला आले आणि म्हणाले, मला भाडोत्री सैन्याचं नेतृत्व करायचं नाही. मिल्टननं विचारलं, मग गुलामांच्या सैन्याचं करायचंय का? जनरलसाहेब चिडले. आमच्या देशभक्त जवानांना गुलाम म्हणू नका. मिल्टन म्हणाला, मग आमच्या देशभक्त स्वयंसेवकांना तुम्ही भाडोत्री म्हणू नका. पगार घेतो म्हणून जवान भाडोत्री होत असेल तर मी भाडोत्री प्राध्यापक आणि तुम्ही भाडोत्री जनरल.

तात्या खूश. “शाब्बास! आमच्या साताऱ्याच्या पोरांना कुणी धरून नेलं नाही कधी. रांगेत उभं राहून, छाती मोजून गेलो.”

“1973 मध्ये अमेरिकेतली सक्ती संपली. या मंडळींनी सरकारकडून जी थोडीफार कामं खरोखर करून घेतली, त्यात हे मोठं. आणि यावर रॉथबार्डपासून आयन रँडपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. सक्तीची भरती म्हणजे गुलामी.”

“आता ही रँड कोण?”

“कादंबरीकार. सेंट पीटर्सबर्गची. बापाचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी काढून घेतलं, ही अमेरिकेत आली आणि आयुष्यभर सरकारवर दात धरून बसली. तिचं म्हणणं, हुकूमशहाच्या देशावर चालून जाण्याचा हक्क स्वतंत्र देशाला आहे. कर्तव्य मात्र नाही. आपला फायदा असेल तर जावं, नसेल तर बसावं. म्हणून व्हिएतनामला तिचा विरोध. पण लढाईविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पोरांचाही तिला तिटकारा, आणि लिबर्टेरियन लोकांचा तर त्याहून जास्त. तिला सोडा. तिचं कुणाशीच पटायचं नाही.”

खरा माणूस रॉथबार्ड. न्यूयॉर्कचा, बुटका, चष्मेवाला, अखंड बोलणारा. त्याचं गणित सरळ होतं. कुणी माझ्यावर हात उगारला तर मी त्याला मारीन. पण त्याला मारताना तिसऱ्याच्या घरावर बॉम्ब टाकायचा मला हक्क नाही, आणि त्यासाठी चौथ्याच्या खिशातून पैसे काढायचाही नाही. आता असं कुठलं आधुनिक युद्ध आहे, ज्यात तिसरा मरत नाही आणि चौथा भरत नाही? म्हणून सरकार करतं त्या सगळ्या युद्धांना नकार. 1963 मध्ये त्यानं हे मांडलं, तेव्हा अमेरिकेतले उजवे सगळे रशियाला अणुबॉम्बची धमकी देण्यात गुंतले होते. त्यांनी याला बाहेर काढल्यात जमा केलं. मग हा डाव्या पोरांत जाऊन बसला, कारण ती व्हिएतनामविरुद्ध बोलत होती.

“आणि मग एकदा झालं बरं का. ऑगस्ट 1969. सेंट लुईस गावात उजव्या तरुणांच्या संघटनेचं अधिवेशन. एका पोरानं भर सभागृहात भरतीचं कार्ड पेटवलं. जी मारामारी जुंपली! एका बाजूला देश, धर्म, व्हिएतनाम म्हणणारे, दुसऱ्या बाजूला सरकारला हात लावू देणार नाही म्हणणारे. तिथून हे वेगळे निघाले. दोन वर्षांनी, डिसेंबर 1971 मध्ये, कोलोरॅडोत त्यांचा पक्ष निघाला.”

“म्हणजे ह्यांचा जलमच लढाईच्या भांडनात झाला,” आक्का म्हणाल्या.

अगदी तसं नाही. निक्सननं त्याच वर्षी मजुरी आणि किमती गोठवल्या, डॉलर सोन्यावरून काढला, त्याचाही राग होता. पण आक्कांचं वाक्य माझ्यापेक्षा आटोपशीर होतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

तात्यांनी मोतीला सोडलं आणि हात धुऊन आले. “हा रॉथबार्ड मला पटतो थोडा. निदान एकाच बोलीवर राहतो.”

“राहतो कसला! 1994 मध्ये भाषण केलं, अमेरिकेच्या इतिहासात न्याय्य युद्धं दोनच झाली. एक इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध. दुसरं कुठलं सांगा.”

“हिटलरविरुद्धचं.”

“नाही. 1861 चं यादवी युद्ध, आणि त्यात दक्षिणेची बाजू.”

“दक्षिनेकडं गुलाम होते ना?” आक्का. त्यांनी हे टीव्हीवरच्या कुठल्याशा सिनेमात बघितलं होतं.

“होते. चाळीस लाखांच्या आसपास.”

“मग त्यो गुलामांच्या मालकांच्या बाजूनं?”

“त्याचं म्हणणं, त्यांना वेगळं व्हायचा हक्क होता.”

“आन् गुलामांना?”

हे असं होतं. रॉथबार्डवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत, आणि आक्कांनी मेथी निवडता निवडता त्याची दुखरी नस दाबली. युद्धविरोधी लिबर्टेरियनांचा हा जुना रोग आहे. आपल्या सरकारवरचा राग इतका भिनतो की त्या सरकारचा शत्रू आपोआप साधा, बिचारा वाटायला लागतो. रॉथबार्डला सोव्हिएत रशियाचं परराष्ट्र धोरणही मुळात बचावाचंच वाटायचं. रशियाचे रणगाडे अंगावर आलेल्या हंगेरीच्या माणसाला जाऊन सांगा म्हणावं. लढाईच्या बाजूचे लिबर्टेरियन आपलं सरकार परदेशात गेलं की देवदूत होतं असं मानतात, आणि विरोधातले दुसऱ्याचं सरकार आपल्या देशाबाहेर असल्यामुळं गरीब गाय समजतात. मला पहिल्यांचा राग येतो आणि दुसऱ्यांची लाज वाटते.

“मग धड एक माणूस नाही का यांच्यात?”

“आहे. जुना आहे. लायसँडर स्पूनर. बोस्टनकडचा वकील. 1844 मध्ये त्यानं सरकारी पोस्टाशी स्पर्धा करायला स्वतःची पत्रं पोचवायची कंपनी काढली. सरकारपेक्षा स्वस्तात. सरकारनं खटले घालून ती बंद पाडली. हा कट्टर गुलामगिरीविरोधी. 1858 मध्ये त्यानं योजनाच छापली की गुलामांनी उठाव करावा आणि उत्तरेतल्या लोकांनी स्वतः जाऊन त्यांना हत्यारासकट मदत करावी. त्यांचा तो हक्कच आहे. आणि तीन वर्षांनी लिंकनचं युद्ध सुरू झालं तेव्हा हाच माणूस विरोधात. का, तर लिंकन गुलाम सोडवायला नव्हे, दक्षिणेला जबरदस्तीनं संघात ठेवायला लढतोय. म्हणजे बघा, रॉथबार्ड म्हणतो आपण मधे पडू नये. रोझबाई म्हणतात सरकारनं पडावं. स्पूनर म्हणतो, तुला वाटतं ना, मग तू जा. तुझे पैसे, तुझा जीव.”

तात्या विचारात पडले. मग हसले. “हे सोपं नाही हो बाई. हौशी लोक रणात आले की पहिल्या रात्री स्वतःच्याच माणसावर गोळी झाडतात.”

“रॉन पॉलनं त्यावरही तोड काढली होती. टेक्सासचा डॉक्टर, हजारो बाळंतपणं केलेला, हवाई दलातही डॉक्टर होता, मग खासदार. 2001 च्या हल्ल्यानंतर त्यानं अफगाणिस्तानच्या कारवाईला मत दिलं, पण बरोबर एक विधेयक आणलं. बिन लादेनला पकडायला खासगी माणसांना परवाने द्या, जुन्या काळी जहाजवाल्यांना देत तसे.”

“म्हणजे चाचेगिरीचे परवाने! इंग्रज स्वतः ते वाटत होते, आणि आमच्या कान्होजी आंग्र्यांना चाचे म्हणत होते.”

“तेच ते. विधेयक अर्थातच पुढं गेलं नाही. पुढच्या वर्षी इराकच्या ठरावाला मात्र त्यानं विरोध केला. कनिष्ठ सभागृहातल्या रिपब्लिकन खासदारांत विरोध करणारे सहाच, त्यातला हा एक.”

इराकनं या वाड्याचे उभे दोन भाग केले. वॉशिंग्टनमधली केटो इन्स्टिट्यूट ही यांची मोठी संस्था. तिचे परराष्ट्र धोरणवाले युद्धाच्या विरोधात, तर त्याच इमारतीत बसणारे ब्रिंक लिंडसी जाहीरपणे बाजूनं. 2004 मध्ये तर कमाल झाली. जॉन हॉस्पर्स नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक 1972 मध्ये या पक्षाचे अध्यक्षपदाचे पहिलेवहिले उमेदवार होते. त्यांनी बत्तीस वर्षांनी आपल्याच पक्षाच्या लोकांना पत्र लिहिलं की यंदा आपल्या उमेदवाराला नको, बुशला मत द्या. दुसरे एक कायद्याचे प्राध्यापक, रँडी बार्नेट, 2007 मध्ये वर्तमानपत्रात लिहिते झाले की रॉन पॉल बोलतो तेच लिबर्टेरियन मत असं समजू नका, स्वसंरक्षण कुठं सुरू होतं हे आमच्या तत्त्वात लिहिलेलं नाही.

बार्नेट यांचं हे म्हणणं मला त्या सगळ्या धुराळ्यात सर्वांत प्रामाणिक वाटतं. निष्कर्ष पटत नाही, पण मुद्दा खरा आहे. दुसऱ्यावर आधी हात उगारू नये, एवढं तत्त्व सगळ्यांना मान्य. पण हात उगारला केव्हा म्हणायचं? त्यानं बंदूक घेतली तेव्हा, रोखली तेव्हा, की झाडली तेव्हा? आणि माझ्यावर नव्हे, पलीकडच्यावर रोखली तर? तत्त्व इथं गप्प बसतं आणि माणसाचा स्वभाव बोलायला लागतो. भित्रा एक उत्तर देतो, तापट दुसरं.

तेवढ्यात तात्यांनी तोफ डागली. “एवढं सगळं ठीक. आता सांगा, आम्ही गोव्यात गेलो ते चूक की बरोबर? माझे चुलते 1961 ला पहिल्या मराठा बटालियनमध्ये होते. दमण घेतलं त्यांनी.”

मला हे माहीत होतं. तो फोटो त्यांच्या बैठकीत आहे. म्हणूनच हा विषय मी स्वतःहून काढला नव्हता.

“तात्या, राग मानू नका. आपल्याकडं कमी सरकार मागणारा एकच मोठा पक्ष झाला, स्वतंत्र पक्ष, 1959 मध्ये. राजाजी त्याचे म्होरके, मुंबईचे मिनू मसानी बरोबर. गोव्याच्या कारवाईवर राजाजींनी नेहरूंना झोडपलं. म्हणाले, आता जगात कुणी सैन्य वापरलं तर त्याविरुद्ध बोलायचा नैतिक अधिकार भारतानं गमावला.”

“मग काय पोर्तुगीजांना हार घालायचे होते?”

“1955 मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं मेली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ऐकणारा नव्हताच. ते राजाजींनाही ठाऊक असणार.”

“तुमचं स्वतःचं सांगा. राजाजींचं नको.”

आता पळायला वाट नव्हती. मी सांगितलं ते असं. राजाजी म्हणाले ते घडलं, पुढं परक्यांनी ते आपल्याला ऐकवलं. आणि तरीही मी दिल्लीत असते तर चौदा वर्षं थांबले नसते. तत्त्वात हे बसवून दाखवा म्हणाल तर मला येणार नाही. पण माझं मन खरं गुंततं ते 1954 मध्ये. दादरा आणि नगर हवेली. तिथं आपलं सैन्य गेलंच नाही. आझाद गोमंतक दल, संघाची पोरं, गोव्याचे स्वयंसेवक, अशी माणसं आपापली गेली. बरोबर आपले सुधीर फडके होते, गाणारे! जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही भाग मोकळे. भारत सरकारनं पोर्तुगीजांचं सैन्य आपल्या हद्दीतून जाऊ दिलं नाही, बस. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. 1960 मध्ये निकाल लागला की सैन्य जाऊ द्यायला भारत बांधील नव्हता. 1961 पर्यंत तिथं स्थानिक पंचायतीनं कारभार केला. स्पूनरनं 1858 मध्ये बोस्टनला बसून जे लिहिलं, ते सिल्व्हासात मराठी पोरांनी त्याचं नावही न ऐकता केलं.

तात्या बराच वेळ गप्प होते. “आणि मोहन रानडे?”

“तेही तसेच. सांगलीचा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून गेला, पोलीस ठाण्यावर हल्ला करताना 1955 मध्ये पकडला गेला.”

“आणि सुटला 1969 ला. आमच्या फौजा 61 ला पोचल्या, तरी तो लिस्बनच्या बाजूला तुरुंगातच. एकट्या माणसानं जाण्याची ही किंमत असते बाई. फौज गेली तर वर्षभरात घरी येते.”

हा मुद्दा मला कुठल्या लिबर्टेरियनाच्या पुस्तकात सापडलेला नाही.

“मंग आता कोन कुनाशी बोलत न्हाई?” आक्कांना इतिहास पुरे झाला होता.

तर ऐका म्हटलं. मे 2022 मध्ये त्यांच्या पक्षाचं अधिवेशन नेवाडातल्या रेनो गावात झालं, तिथं रॉथबार्डच्या वळणाच्या गटानं पक्ष ताब्यात घेतला. त्याच महिन्यात रॉन पॉलचा मुलगा रँड, तो सिनेटर, त्यानं युक्रेनच्या 40 अब्ज डॉलर मदतीचं विधेयक आठवडाभर अडवून धरलं. म्हणाला, पैसे कुठं जातात ते बघायला आधी तपासनीस नेमा. शेवटी 86 विरुद्ध 11 नं पास झालं. तिकडं टॉम पामर, हाही जुना लिबर्टेरियन, त्यानं सरकारी पैशाची वाट न बघता देणग्या गोळा केल्या आणि मदत घेऊन स्वतः युक्रेनला जाऊन आला. मला या सगळ्यात पामर आवडतो. वाद घालतो, पण आधी सामान पोचवतो.

आणि ताजं भांडण गुरुबंधूंचं. वॉल्टर ब्लॉक आणि हान्स-हर्मन हॉपे, दोघंही रॉथबार्डचे पट्टशिष्य. ऑक्टोबर 2023 मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर ब्लॉकनं एका सहलेखकाबरोबर लेख लिहिला, की हमासचा नायनाट करणं हे नैतिक कर्तव्य आहे, इस्रायलला पूर्ण पाठिंबा द्या. जानेवारी 2024 च्या अखेरीस हॉपेनं खुलं पत्र लिहून संबंध तोडले. गाझातल्या निरपराध माणसांचं काय, हाच का गुरूचा धडा, वगैरे. ब्लॉकचं उत्तर, मीच खरा रॉथबार्डवादी. दोघंही सत्तरी ओलांडलेले. ज्या मायझेस इन्स्टिट्यूटच्या उभारणीत रॉथबार्डचा हात होता, तिच्या यादीतून ब्लॉकचं नाव गेलं. हॉपेनं पुढं मिलेईलाही फैलावर घेतलं.

“कुत्र्याच्या नावावरून?” तात्या.

“नाही हो. इस्रायलवरून, युक्रेनवरून. कुत्रा निर्दोष आहे.”

आक्का उठल्या, मेथीची परात कमरेवर घेतली. “त्या रोजबाईचं आन् नवऱ्याचं मंग मिटलं का?”

“मुलाखत जुलैत छापून आली. मिल्टन नोव्हेंबरात वारला. तीन वर्षांनी, 2009 मध्ये, ती. मिटल्याचं कुठं छापलेलं नाही.”

“मला वाटतं तिनं सोडलं नसंल.”

आक्का, तुमचं बरोबर आहे, मी म्हटलं. कारण रोझनं त्याआधीचीही एक गोष्ट सोडली नव्हती, आणि तीसुद्धा लढाईचीच. दुसऱ्या महायुद्धात मिल्टन अमेरिकेच्या अर्थखात्यात नोकरीला होता. युद्धाला पैसा हवा होता. तोवर आयकर म्हणजे थोड्या श्रीमंतांचं दुखणं. वर्षाखेरी हिशेब करून भरायचा. तो कोट्यवधी पगारदारांकडून घ्यायचा तर वर्षाखेरीपर्यंत पैसे कोण शिल्लक ठेवणार? म्हणून पगार हातात पडायच्या आधीच कर कापून घ्यायची योजना झाली, आपल्याकडच्या टीडीएससारखी, आणि ती तयार करणाऱ्या तरुणांत हा मिल्टन होता. सरकार लहान करा म्हणून जन्मभर सांगत फिरला त्याच्याच हातून सरकारला एवढी मोठी नळी बसली. मिल्टन म्हणायचा, युद्धकाळात दुसरा इलाज नव्हता. दोघांच्या आत्मचरित्रात मिल्टननं लिहून ठेवलंय की या कामावरून रोझ त्याला वर्षानुवर्षं टोचत राहिली. आणि 1971 च्या त्या लेखात रॉथबार्डनं फ्रिडमनच्या पापांचा पाढा वाचला, त्यातही हे होतं. इराकबद्दल रोझबाईंचं आणि रॉथबार्डच्या माणसांचं एका शब्दानं जमलं नसतं. इथं मात्र दोघांचं एकमत.

“कधी सुरू झालं हे कापणं?” तात्यांनी विचारलं. त्यांच्या पेन्शनीतूनही कापतात, तो त्यांचा दुखरा विषय.

“अमेरिकेत 1943 मध्ये. युद्धापुरतं म्हणून.”

“आणि युद्ध?”

“1945 ला संपलं. कापणं चालू आहे.”